सेवादासचे हलके बाण

सेवादास राठोडला जगात एकच गोष्ट कळते, असं त्याची बायको भुरीबाई म्हणायची, आणि ती गोष्ट म्हणजे पळणं. स्वतः तो कधी एसटीच्या मागेही धावला नाही. तो बैल पळवायचा. आर्णीच्या आसपास कुठे शंकरपट भरला की धुरकरी म्हणून आधी त्याचं नाव निघे. पुढे दोन बैल, मागे इवलीशी छकडी, आणि तिच्यावर उकिडवा बसलेला सेवादास. सुटल्यापासून दोरीपर्यंत काही सेकंदांचा खेळ. पण त्या सेकंदांवर त्याने अख्खा तांडा वर्षानुवर्षं नादाला लावला होता.

त्याची खरी ख्याती होती ती छकडीची. सुताराने केलेली छकडी घरी आणायची आणि तासून तासून तिचा जीव काढायचा. जिथे बोट शिरेल तिथलं लाकूड तो कमी करी, लोखंडी खिळ्यांच्या जागी चामड्याच्या वाद्या बांधी. हलकं ते पळतं, ही त्याची गीता. बायकोने डाळीत पाणी जास्त घातलं तरी तो म्हणे, बरं झालं, हलकी झाली.

मग कोर्टाने पट बंद केले. सेवादासने जोडी विकली आणि तांड्याच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर जुने पट सांगत बसू लागला. कुठल्या गावी कुणाची जोडी किती सेकंदात आली, हे त्याला तोंडपाठ होतं. लोकांनी पहिलं वर्षभर ऐकलं, दुसऱ्या वर्षी ऐकल्यासारखं केलं, तिसऱ्या वर्षी तो आला की चहा संपवून उठायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो बोलतच राहायचा. फक्त हसणं गेलं होतं. भुरीबाईला ते दिसत होतं, पण हसू काही दुकानातून आणता येत नाही.

तशात ते गुलाबी बोंडअळीचं साल आलं. वरून पाहिलं तर कपाशीची पऱ्हाटी अशी काही भरलेली की दृष्ट लागावी. बोंड फोडलं की आत सडका पिवळा कापूस आणि त्यात लोळणारी गुलाबी अळी. वेचणीला गेलेल्या बाया अर्धं शेत तसंच सोडून परत येत. गावोगावी तीच गत, त्यामुळे कोणी कोणाला सांगायचं असंही राहिलं नव्हतं.

या सगळ्यात सेवादासच्या घरात एक चांगली गोष्ट चालली होती आणि तिच्याकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं. त्याची मुलगी वर्षा आर्णीला कॉलेजात होती आणि तिथल्या मैदानावर धनुष्य चालवायला शिकत होती. ते आपलं बांबूचं धनुष्य नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून गेलेल्या तारा, मध्ये ॲल्युमिनियमचा दांडा, त्यावर नेम धरायची भिंगाची दुर्बीण. कंपाऊंड म्हणतात त्याला, तांड्यात चाकवालं धनुष्य म्हणत. धनुष्य क्लबचं होतं. शिकवणारे शंकरसिंग सर मूळचे पुसदचे, कडक माणूस, कौतुक करायचं झालं तर फक्त "ठीक" म्हणत. वर्षाला त्यांनी दोनदा "ठीक" म्हटलं होतं, यावरून ती कशी असेल ते समजावं.

दिवाळीनंतर यवतमाळला राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. चार मुली घेणार. संघात आलेल्या मुलीला मोठ्या केंद्रात राहून शिकायला मिळणार, राहणं-खाणं तिथलंच. वर्षाने दुसरं काही मनात धरलंच नव्हतं. रात्री झोपेतही तिचा उजवा हात गालापाशी जातो, असं तिची याडी, म्हणजे आई, भुरीबाई सांगायची.

एके दिवशी सेवादास तिचा डबा द्यायला मैदानावर गेला, तेव्हा सरांनी एक यंत्र तिवईवर लावलं होतं. बाण त्याच्यावरून गेला की बाणाचा वेग आकड्यात दिसे. सेवादास तिथेच थबकला. तीन वर्षांत त्याने पळण्याचा आकडा पाहिला नव्हता. डबा हातात तसाच धरून तो यंत्रापाशी गेला आणि तहानलेला माणूस माठाकडे बघतो तसा त्या आकड्याकडे बघत राहिला.

सर मुलींना समजावत होते. त्यांनी वर्षाला आधी जड टोकाचा बाण सोडायला लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. मग त्याच धनुष्यातून हलक्या टोकाचा बाण. आकडा बराच वर गेला. "पाहा," सर म्हणाले, "धनुष्य तेच, ओढ तीच. बाण हलका केला की वेग वाढतो. आता दुसरी गोष्ट नीट ऐका."

पण दुसरी गोष्ट ऐकायला सेवादास तिथे नव्हता. पटात आकडा पुकारला की पुढे ऐकायचं काही उरत नसतं. लोक उठतात, पागोटी उडतात, गुलाल उधळतात. जन्मभराची सवय. आकडा ऐकला आणि सेवादास वळला. डबा वर्षाच्या पिशवीवर ठेवून तो जो निघाला तो थेट स्टँडमागच्या शब्बीरच्या गॅरेजात.

शब्बीर मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि पटाच्या दिवसांत सेवादासच्या छकडीची चाकं त्याच्याच हाताखालून जायची. दोघांचं गोत्र एकच, हलकं करणं. पोरं शब्बीरकडे गाड्या आणत आणि तो पत्रे उतरवून, सायलेन्सर पोकळ करून त्या परत देई. सेवादासने त्याला बाणाचं गणित सांगितलं आणि शब्बीरलाही ते लगेच पटलं. एकाच माळेचे मणी, कोणी कोणाला अडवायचं?

योगायोग असा की त्याच आठवड्यात सर महिनाभराच्या शिबिरासाठी बाहेरगावी गेले. सामानाच्या खोलीची किल्ली वर्षाकडे ठेवून गेले. सेवादासला मोकळं रान मिळालं. त्याने वर्षाला बाण घेऊन गॅरेजवर बोलावलं. दोन संच होते, एक नवा आणि एक जुना, ओरखडे पडलेला. नव्याची टोकं शब्बीरने उकळत्या पाण्यात धरून सैल केली, पकडीने ओढून काढली आणि ग्राइंडरवर घासून पार अर्धी केली. मग डिंकाने पुन्हा बसवली. जुन्या संचाला हात लावला नाही, त्याचा आता काय उपयोग?

वर्षा बाजूच्या स्टुलावर बसून बघत होती. सरांना एकदा फोन लावू का, असं तिने विचारलं. सरांनीच तर मोजून दाखवलं, मी काय माझ्या मनचं करतो का, असं सेवादास म्हणाला. तिने काढलेला फोन पुन्हा पिशवीत ठेवला. शब्बीरची बायको हुस्नाबीने चहा पाठवला, तो तिने घेतला आणि बशी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली.

संध्याकाळी मैदानावर यंत्र लावलं. वर्षाने पहिला हलका बाण सोडला, कडाड असा आवाज झाला आणि आकडा सरांच्या आकड्याच्याही वर गेला. सेवादास हसला. आधी नुसता हसला, मग पोट धरून हसला, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शब्बीरच्या पाठीत त्याने अशी थाप मारली की तो बिचारा खोकायला लागला. घरी येऊन भुरीबाईला सगळं दोनदा सांगितलं, ताटात मागून भाकरी घेतली, आणि झोपताना पुन्हा एकदा सांगितलं.

पुढचा महिनाभर सेवादासला दिवस कसा सरतो ते कळत नव्हतं. दुपारी शेतातून आला की मैदान. यंत्रापाशी मांडी घालून बसायचं आणि आकडा वाचायचा. निशाणाच्या मधल्या पिवळ्यात किती बाण लागले, हे विचारायचं त्याला सुचत नसे. धनुष्य दर बाणाला कडाडे, आणि त्या आवाजाने त्याची छाती फुगे. ताकद आहे तर आवाज होणारच, असं तो टपरीवर सांगे, आणि लोकही आता उठत नसत, कारण विषय नवा होता. सराव संपला की वर्षा छोटी चावी घेऊन धनुष्याचा एकेक स्क्रू आवळत बसे. पोर टापटिपीची आहे, एवढंच त्याला वाटे.

निवडीच्या दिवशी यवतमाळला वारा होता. फार नाही, पण झेंडे हलत होते. बाण अर्धे अर्धे दोन भागांत मारायचे, मध्ये सुट्टी. शिबिरातून परस्पर आलेले सर पंचांच्या टेबलाशी अडकले होते. सेवादास धुतलेला सदरा घालून दोरीच्या मागे उभा राहिला. पटाला जायचा तसाच तो आला होता, खिशात सुपारी आणि मनात भलतीच खात्री.

पहिला भाग सुरू झाला. वर्षाचं धनुष्य कडाडलं की आजूबाजूचे लोक वळून बघत. सेवादासला ते आवडलं. बाण सुटलेला दिसतच नव्हता, एकदम पुढे खट्ट. तिच्या शेजारी एक उंच, सावळी मुलगी होती. तिचं धनुष्य जाड गोधडीवर हात आपटावा तसं नुसतं धप्प करी. तिचा बाण डोळ्यांना जाताना दिसे. अहो, दिसे म्हणजे काय, वाटेत विडा लावून होईल इतका सावकाश, असं सेवादासने मनात म्हटलं आणि त्याला त्या पोरीची कीव आली.

मग बाण काढायला मुली पुढे गेल्या आणि त्याने पहिल्यांदाच निशाणाच्या पाटीकडे नीट पाहिलं. सावळ्या मुलीचे बाण पिवळ्यात, एकमेकांना खेटून. वर्षाचे एक पिवळ्यात, एक तांबड्यात, दोन त्याच्याही बाहेर. पुढच्या फेरीत तेच. वाऱ्याची झुळूक आली की सावळीचा बाण जरासा सरके, वर्षाचा पार भरकटे. सेवादास वाऱ्याला नावं ठेवू लागला. पण वारा काय एकट्या वर्षासाठी सुटला होता? सगळ्यांना वारा तोच होता.

सुट्टी झाली. वर्षा येऊन सतरंजीवर बसली, तोंड उतरलेलं. पाणी पिताना तिने धनुष्य त्याच्या हातात दिलं. महिनाभर आकडा बघणाऱ्या सेवादासने ते धनुष्य आज पहिल्यांदा हातात घेतलं. नेमाच्या दुर्बिणीला त्याचा अंगठा लागला आणि ती हलली. स्क्रू ढिला. त्याने दुसरा चाचपला, तोही ढिला. हिने तर सकाळी त्याच्यासमोर आवळले होते.

सेवादासने ते धनुष्य मांडीवर घेतलं. आणि त्याला दिग्रसकडचा एक पट आठवला. त्या वर्षी त्याने छकडी इतकी तासली होती की दोन बोटांवर उचलावी. बैल सुटले आणि छकडी नाचायला लागली. चाकं जमिनीला टेकेनात. बैलांच्या अंगातला जोर पुढे जायच्या ऐवजी छकडीच्या उड्यांत जायला लागला आणि सेवादासचे दात दातांवर आपटत राहिले. तो पट हरला होता. हरलेले पट तो टपरीवर सांगत नसे, म्हणून तो स्वतःही विसरला होता.

"छोरी," त्याने हळूच विचारलं, "सर त्या दिशी दुसरी गोष्ट काय बोलले होते?"

वर्षाने त्याच्याकडे पाहिलं. मग खालमानेने सांगितलं. "आपण धनुष्यात जोर भरतो ना बा, थो सगळा काही बाणात जात नाई. जड बाण सावकाश निघते, पण जास्त जोर घेऊन निघते. हलका लवकर निघून जाते. मंग जो जोर त्यानं नेला नाई, थो धनुष्यातच राह्यते. धनुष्य हादरते, आवाज करते, स्क्रू ढिले होते. अन् टोकाले वजन नाई तं बाण वाऱ्यावर टिकत नाई."

सेवादासने ऐकून घेतलं. तो आवाज, ज्याच्यावर तो महिनाभर छाती फुगवून फिरला, तो बाणाचा नव्हताच. वाया गेलेल्या जोराचा होता. त्याला इतकी लाज वाटली की सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. पण घोडामैदान समोर होतं आणि लाजायला सवड नव्हती.

"जुने बाण आणले का?" त्याने विचारलं.

तिने पिशवीतून जुना संच काढला. दुर्बिणीच्या पट्टीवर जुन्या बाणांसाठी नेम कुठे धरायचा त्या खुणाही तिने पुसल्या नव्हत्या. सेवादासने स्वतः चावी घेऊन एकेक स्क्रू आवळला.

दुसऱ्या भागात वर्षाच्या धनुष्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, कारण ते कडाडलंच नाही. धप्प, एवढंच. बाण जाताना सेवादासला दिसला. हवेत जरा वर चढला, वळला, आणि पिवळ्यात जाऊन बसला. दुसरा त्याच्या शेजारी. सेवादासने दोरी घट्ट धरली होती. जन्मात पहिल्यांदा तो सावकाश जाणाऱ्या गोष्टीसाठी जीव टांगून उभा होता. वारा आला, बाण जरा सरकला आणि पिवळ्यातच राहिला. शेवटच्या फेरीपर्यंत असंच चाललं.

मग यादी लागली. दुसऱ्या भागात सगळ्या मुलींत जास्त गुण वर्षाचे होते. दोन्ही भाग मिळून ती पाचवी आली. संघात चार.

शंकरसिंग सर आले. हलक्या बाणांचा संच त्यांनी हातात घेतला, घासलेली टोकं पाहिली आणि सेवादासकडे पाहिलं. सेवादास म्हणाला की हे माझं काम, पोरीचा दोष नाही. सरांनी संच पिशवीत परत ठेवला. वर्षाला म्हणाले, दुसरा भाग ठीक होता. आणि जाता जाता थांबून म्हणाले, चांगला होता. सरांच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता, पण त्या दिवशी त्याने काही भागत नव्हतं.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. बाहेर पऱ्हाटीची शेतं जात होती, न वेचलेली, कुठे नांगर घालून मोडलेली. एक-दोन थांबे गेले. मग सेवादासला राहवलं नाही.

"तू तं दुसरी गोष्ट आयकली होती," तो म्हणाला. "मंग तुले पयल्या दिशीच मालूम होतं."

"हो."

"शब्बीरभाईनं टोकं घासली तवाबी."

"हो, बा."

"मंग बोलली काहून नाई?"

वर्षाने खिडकीची काच ओढून घेतली. सांगावं की नको असं तिच्या मनात चाललेलं दिसत होतं. शेवटी म्हणाली, "पट बंद झाल्यापासून तू त्याच दिशी हासला. याडी चुलीपाशी बसून रडली त्या रातरी, खुशीनं. मले वाटलं, महिनाभर मारू हलके बाण. निवडीच्या आधी सांगीन. रोज वाटे, आज सांगीन. सकाळीबी वाटलं. पण तू थो पटाचा सदरा घातला होता."

सेवादास रडला. तोंड फिरवलं नाही की डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं नाही. एसटीत सगळ्यांच्या देखत रडला. आपल्या हसण्यासाठी पोरीने काय देऊन टाकलं ते त्याला आता कळत होतं, आणि आपण ते महिनाभर मजेत घेत राहिलो, याचं वाईट त्याला जास्त वाटत होतं. वर्षाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. कंडक्टर तिकीट तपासायला आला आणि न तपासताच पुढे गेला.

पण सेवादास तो सेवादास. डोळे पुसून होत नाहीत तोच तो सरसावून बसला. पुढच्या साली पुन्हा निवड आहे ना, असं त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

"मंग काय," तो म्हणाला, "जडानं काम होते तं अजून जड करू. शब्बीरकडून शिशाची टोकं ओतून घेतो. अशी जड, का..."

"नाई बा."

सेवादास थांबला. घरात त्याला इतकं सरळ नाही असं कोणी म्हटलं नव्हतं, बैलांनीसुद्धा नाही.

"लई जड केला तं बाण वाटेतच खाली येते," वर्षा म्हणाली. "इतका वर नेम धरा लागते, का जरासा फरक पडला तं गेला. मधलं वजन असते. प्रत्येक धनुष्याचं येगळं. थे मोजून, मारून पाहा लागते."

"पण जोर तं जास्त नेते ना जड?"

"नेते. पण तेवढंच पाहून चालत नाई."

"मी सांगून राह्यलो, शिशाचं..."

"अन् मी सांगून राह्यली, नाई."

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. सेवादासने छकडीचा दाखला दिला, वर्षाने तो खोडून काढला. त्याने वारा काढला, तिने वाऱ्याचंही उत्तर दिलं. तो आवाज चढवून बोलला, तरी ती मागे हटली नाही. आर्णीचा स्टँड येईपर्यंत बापलेकीचं हेच चाललं होतं. सेवादास एकेक मुद्दा हरत होता, आणि हरता हरता मध्येच हसत होता. वर्षाने या वेळी त्याच्या हसण्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही.